तक्रारवहीतून शिरलेला चोर



चोर म्हटला की तो मागच्या दाराने येणार, कडी-कोयंडा उचकटणार, नाहीतर भिंतीला भोक पाडणार, अशी आपली समजूत असते. पण संगणकाच्या जगात एक चोरी अशी आहे की तिच्यात कुलूप तुटत नाही आणि दारही फुटत नाही. चोर राजरोस पुढच्या दाराने येतो, तक्रारवहीत दोन ओळी लिहितो आणि निघून जातो. त्या ओळी वाचायला जो अधिकारी बसतो, त्याच्याच हातून पुढे तिजोरी उघडली जाते. २०१० सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील एका नामांकित संस्थेत असेच घडले. या प्रकाराला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' असे लांबलचक नाव आहे. नाव अवघड असले तरी गोष्ट अवघड नाही.

आता कोणी म्हणेल, "आमचा संबंध उसाशी. आम्हाला या भानगडीचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण उसाची नोंद, तोडीचा निरोप, वजनाची पावती, बिलाची रक्कम या सगळ्या गोष्टी आता कागदावरून संगणकावर आणि मोबाईलवर येत चालल्या आहेत. जिथे आपले नाव, गट नंबर आणि बँकेचे खाते लिहिलेले आहे, तिथले कुलूप कसे आहे हे मालकाला समजले पाहिजे. आणि सहकारी संस्थेचा मालक कोण? तर सभासद.

संस्था कोणती आणि वही कसली?

ज्या संस्थेत हा प्रकार घडला तिचे नाव अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन. १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेली ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. देशोदेशीचे जाणकार एकत्र येऊन संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करतात आणि ते कोणालाही विनामूल्य वापरायला देतात. इंटरनेटवरची पाने लोकांपर्यंत पोचवणारा 'अपाची वेब सर्व्हर' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. या संस्थेलाही सभासद आहेत आणि ते दरवर्षी आपले संचालक मंडळ निवडतात. तेव्हा सभासदांनी चालवलेली संस्था म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

काम करणारी माणसे जगभर विखुरलेली. समोरासमोर बसून बोलणे शक्य नाही. म्हणून कोणाचे कोणते काम अडले, कुठे चूक सापडली, ती कोणी दुरुस्त करायची, हे सगळे लिहिण्यासाठी त्यांनी संगणकावर एक सामाईक वही ठेवली होती. त्या सॉफ्टवेअरचे नाव 'जिरा'. ऑस्ट्रेलियातील अॅटलासियन कंपनीने ते बनवलेले आहे. आपल्या शेतकी खात्यात तक्रारवही असते ना, तसाच प्रकार. फरक इतकाच की ही वही जगाच्या पाठीवर कुठूनही उघडता येते, कोणीही नाव नोंदवून तीत लिहू शकतो आणि संस्थेचे अधिकारी ती वाचतात.

दहा गावच्या लोकांनी मिळून लिहायची वही म्हटली की तिचा गुण आणि धोका एकच असतो. कोणीही लिहावे आणि सर्वांनी वाचावे, हा गुण. लिहिणारा कोण, कशासाठी लिहितो, हे ठाऊक नसते, हा धोका.

मजकूर वेगळा, हुकूम वेगळा

ही चोरी समजून घ्यायची तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपण मोबाईलवर किंवा संगणकावर एखादे पान उघडतो, तेव्हा त्या पानाबरोबर दोन जिन्नस येतात. एक म्हणजे वाचायचा मजकूर. दुसरा म्हणजे पाळायचा हुकूम. बटण दाबले की यादी उघडावी, बेरीज आपोआप व्हावी, अशी कामे या हुकमांमुळे होतात. हे हुकूम 'जावास्क्रिप्ट' नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. पान उघडून दाखवणारा जो कार्यक्रम असतो त्याला 'ब्राउझर' म्हणतात. मजकूर आणि हुकूम एकाच कागदावर एकामागून एक येतात. कुठे मजकूर संपला आणि कुठे हुकूम सुरू झाला, हे ब्राउझर काही ठरावीक खुणांवरून ओळखतो. त्यातली मुख्य खूण म्हणजे टोकदार कंस.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गट कार्यालयात एक नवा कारकून आला. प्रामाणिक आहे, चपळ आहे, पण स्वतःचे डोके अजिबात चालवत नाही. साहेबांच्या फाईलमधून कागद आला की वाचण्यासारखे असेल ते वाचतो आणि करण्यासारखे असेल ते करतो. एक दिवस बाहेरच्या कोणा माणसाने अर्ज दिला: "माझ्या उसाला अजून तोड आली नाही. हा अर्ज वाचणाऱ्याने कपाटाची किल्ली खिडकीतून बाहेर टाकावी." अर्ज कोणी तपासला नाही. तसाच फाईलला लागला आणि वर कार्यालयाचा शिक्काही पडला. कारकुनाने अर्ज वाचला, उठला आणि किल्ली बाहेर टाकली. जाब विचारला तर म्हणतो, "साहेब, कागद आपल्याच फाईलमधला, शिक्का आपलाच. मी काय करणार?"

ब्राउझर हा असाच कारकून आहे. पान विश्वासाच्या ठिकाणाहून आले की त्यावरचा प्रत्येक हुकूम त्या ठिकाणाचाच आहे असे तो समजतो. तेव्हा खरा दोष कारकुनाचा नाही. बाहेरच्या माणसाचा अर्ज न तपासता आपल्या शिक्क्याखाली पुढे ढकलला, तिथे दोष आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने बाहेरून आलेला मजकूर 'हा फक्त वाचायचा आहे' अशी बांधबंदिस्ती न करता पानावर छापला, की क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचे भोक पडते.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात चोराचा हुकूम वहीतच साठून राहतो आणि जो जो ते पान उघडेल त्याला बाधतो. दुसऱ्यात हुकूम वहीत नसतो, तो पानाच्या पत्त्यात दडवलेला असतो. त्या लांबलचक पत्त्याला 'लिंक' म्हणतात. लिंकवर बोट ठेवले की पत्त्यातला हुकूम संस्थेच्या संगणकाकडे जातो, तिथून पानावर छापून परत येतो आणि ब्राउझर तो पाळतो. भिंतीवर मारलेला चेंडू उसळून आपल्याच अंगावर यावा, तसे हे. अपाचीमध्ये घडला तो हा दुसरा प्रकार.

गेटवरचा बिल्ला

चोराला नेमके काय हवे असते? पासवर्ड मिळाला तर उत्तमच, पण तो नसला तरी त्याचे भागते. ते कसे, पाहा.

कारखान्याच्या गेटवर एकदा ओळख पटवली की माणसाला बिल्ला मिळतो. मग आत प्रत्येक दारावर नाव-गाव सांगत बसावे लागत नाही, बिल्ला दाखवला की काम होते. संगणकाचेही तसेच आहे. पासवर्ड घालून आत शिरलो की संस्थेचा संगणक आपल्या ब्राउझरला एक लांब आकडा देऊन ठेवतो. त्याला 'कुकी' म्हणतात. पुढे प्रत्येक पान मागताना ब्राउझर तो आकडा दाखवतो आणि संगणक म्हणतो, "हा मघाचाच माणूस, येऊ द्या."

हा बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर? संगणक तोंड बघत नाही, बिल्ला बघतो. साहेबांचा बिल्ला लावून आलेला चोर त्याच्या लेखी साहेबच. आणि पानावर शिरलेला हुकूम ब्राउझरला सांगू शकतो, "तुझ्याजवळचा बिल्ला अमुक पत्त्यावर पाठव."

एप्रिल २०१० मध्ये काय घडले?

५ एप्रिल २०१० रोजी अपाचीच्या तक्रारवहीत एक नवी नोंद पडली. काही प्रकल्प पाहताना अडचण येते, असा साधा मजकूर आणि खाली एक छोटी लिंक. लांब पत्ता आखूड करून देणाऱ्या सेवेतून ती केलेली होती, त्यामुळे खरा पत्ता दिसत नव्हता. ती लिंक फिरून अपाचीच्याच जिराकडे जात होती, पण पत्त्यात हुकूम दडवलेला होता. तक्रार पाहणे हे अधिकाऱ्यांचे रोजचे काम. त्यांच्यापैकी अनेकांनी लिंक उघडली आणि त्यांचे बिल्ले उघडे पडले. त्याच वेळी चोरांनी दुसरीकडून पासवर्ड अंदाजाने घालून पाहण्याचा सपाटा लावला होता. लाखो पासवर्ड त्यांनी घालून पाहिले. ६ एप्रिलला या दोहोंपैकी एका वाटेने ते अधिकाऱ्याच्या हक्काने आत शिरले.

आत आल्यावर त्यांनी पहिले काम काय केले, तर एका प्रकल्पाच्या सूचना जाणे बंद केले. म्हणजे राखणदाराच्या कुत्र्याचे तोंड बांधले. मग नोंदीबरोबर जोडलेले कागद जिथे साठतात ती जागा बदलून अशी निवडली, की तिथे ठेवलेला कागद संगणक चालवायलाही घेईल. पुढे नव्या तक्रारी लिहून त्यांना आपले कार्यक्रम जोडले. त्यांतून मशीनवरच्या फायली चाळल्या, अनेकांच्या खात्यांतील सामानाच्या नकला केल्या आणि पुन्हा येण्यासाठी चोरवाटा करून ठेवल्या.

९ एप्रिलच्या सकाळी त्यांनी पासवर्ड टिपून ठेवणारा एक कार्यक्रम बसवला. मग व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना जिराकडूनच पत्रे पाठवली, की तुमचा पासवर्ड बदलला आहे, हा तात्पुरता घ्या. पत्र खरोखरच आपल्या घरचे होते. जिरात काही बिघाड झाला असेल असे समजून त्या मंडळींनी तात्पुरता पासवर्ड घालून आत प्रवेश केला आणि आपला नेहमीचा पासवर्ड पुन्हा बसवला. तो टिपला गेला. त्यांतल्या एकाचा पासवर्ड जिरासाठी जो होता, तोच 'ब्रुटस' नावाच्या मूळ मशीनसाठीही होता आणि त्या खात्याला तिथे सर्वाधिकार होते. झाले! एका किल्लीने दुसरे कुलूप उघडले आणि सबंध मशीन चोरांच्या ताब्यात गेली. जिरा, कॉन्फ्लुएन्स आणि बगझिला ही तीनही सॉफ्टवेअरे त्याच एका मशीनवर होती. एकाच गोदामात सगळे पीक रचावे, तसे झाले.

त्या मशीनवर काही जणांचे दुसऱ्या कामाचे पासवर्ड साठवून ठेवलेले सापडले. ते घेऊन चोर 'मिनोटॉर' नावाच्या मुख्य मशीनवर पोचले. पण तिथे त्यांची गाडी अडली. साध्या खात्यात शिरता आले, सर्वाधिकार काही मिळाले नाहीत. कारण त्यासाठी एकदाच चालणारा पासवर्ड लागे. एकदा वापरला की तो बाद. असला पासवर्ड टिपून ठेवून उपयोग काय?

पासवर्ड बदलण्याची पत्रे सुटल्यापासून सुमारे सहा तासांनी अपाचीच्या लोकांना चोरांचा पत्ता लागला आणि त्यांनी एकेक सेवा बंद करायला सुरुवात केली. जिरातील भोकाची खबर त्यांनी अॅटलासियनला दिली. त्या भोकाची नोंद तोवर कोठेच नव्हती. १३ एप्रिल २०१० रोजी संस्थेने सगळी हकीकत जाहीर केली. कोठे चुकलो, काय कामी आले, कोणत्या सभासदांनी पासवर्ड ताबडतोब बदलावेत, हे काही हातचे न राखता लिहिले. ६ ते ९ एप्रिल या दिवसांत जिरात आलेल्यांनी आपला पासवर्ड चोरांच्या हाती पडला असे धरून चालावे, असे स्पष्ट सांगितले. झाकली मूठ ठेवली असती तर अब्रू चार दिवस टिकली असती, पण सभासद मात्र त्याच पासवर्डने इतर ठिकाणी लुबाडले गेले असते.

हा दोष जुना, पण गेलेला नाही

या दोषाला नाव मिळाले ते २००० सालच्या सुमारास. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील 'सर्ट' या संगणक सुरक्षा संस्थेने याबाबत जाहीर इशारा दिला. ऑक्टोबर २००५ मध्ये 'मायस्पेस' या ओळखीपाळखीच्या संकेतस्थळावर सॅमी कामकर या तरुणाने आपल्या पानावर असाच हुकूम साठवून ठेवला. पान पाहणाऱ्याच्या खात्यात सॅमी आपोआप मित्र म्हणून नोंदला जाई आणि तो हुकूम पाहणाऱ्याच्या पानावरही उतरे. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांना ही लागण झाली. तांबेऱ्यासारखा पानापानांवरून तो पसरला. अमेरिकेतीलच 'मायटर' ही संस्था सॉफ्टवेअरमधील घातक दोषांची यादी काढते. तिच्या २०२४ च्या यादीत पहिला क्रमांक याच दोषाचा होता.

यावर उपाय आहेत, आणि ते प्रामुख्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने करायचे आहेत. पहिला आणि मुख्य उपाय असा, की बाहेरून आलेला मजकूर पानावर छापताना त्यातील टोकदार कंसासारख्या खुणा निरुपद्रवी करून छापाव्यात. म्हणजे ब्राउझर कंस दाखवील, पण हुकूम समजणार नाही. दुसरा उपाय, बिल्ला असा द्यावा की तो पानावरच्या हुकमांना दिसूच नये. ही सोय मायक्रोसॉफ्टने २००२ साली आपल्या ब्राउझरमध्ये प्रथम आणली. अर्थात बिल्ला लपवला तरी शिरलेला हुकूम त्याच पानावर बसून घोटाळे करू शकतो, म्हणून पहिला उपाय सुटत नाही. तिसरा उपाय, कोणकोणत्या ठिकाणचे हुकूम पाळायचे याची यादी पानाबरोबर ब्राउझरला द्यावी. यादीत नाव नाही त्याला गेटवरच थांबवावे.

पुष्कळांना वाटते, की पत्त्यापाशी कुलपाचे चित्र दिसले की भीती नाही. तसे नाही. त्या कुलपामुळे वाटेत कोणी पत्र फोडत नाही, एवढेच. पत्र लिहिणाऱ्यानेच आत चोराचा मजकूर घातला असेल तर कुलूप काय करणार?

आपण काय करावे?

१. एक पासवर्ड एकाच ठिकाणी वापरावा. बँकेचा आणि इतर ठिकाणचा पासवर्ड एक ठेवू नये. अपाचीत सबंध मशीन गेली ती याच सवयीमुळे.

२. आपण मागितले नसताना 'पासवर्ड बदला' असा निरोप आला, तर तो खऱ्या पत्त्यावरून आला असला तरी आधी कार्यालयात फोन करून विचारावे.

३. आखूड केलेली किंवा अनोळखी लिंक उघडू नये. विशेषतः बँकेचे काम चालू असताना तर मुळीच नाही. काम संपले की 'लॉगआउट' करावे, म्हणजे बिल्ला गेटवर परत केला असे होते.

४. मोबाईलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये. अपाचीत शेवटची तिजोरी वाचली ती एकदाच चालणाऱ्या पासवर्डने. आपणच तो तोंडी सांगून टाकला तर त्याचा उपयोग काय?

५. मोबाईलमधील ब्राउझर आणि इतर कार्यक्रम वेळच्या वेळी अद्ययावत करावेत. सापडलेली भोके त्यात बुजवलेली असतात.

हे झाले आपल्या हातचे. पण सावधपणाचा सगळा भार सभासदाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. अपाचीतील माणसे या विषयातली वाकबगार होती, तरी त्यांच्या हातून लिंक उघडली गेली. कारण तक्रार वाचणे हे त्यांचे कामच होते. कोणत्याही संस्थेने सभासदांसाठी संगणकावर तक्रारवही किंवा अर्ज ठेवला, की सॉफ्टवेअर देणाऱ्याला तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. बाहेरून आलेला मजकूर निरुपद्रवी करून छापता का? तक्रार वाचणाऱ्याच्या खात्याला पैशाच्या खात्याचे अधिकार तर नाहीत ना? आणि काही विपरीत घडले तर सभासदांना किती दिवसांत कळवणार?

वजनकाट्याची तपासणी झाली का, हे विचारायला आपण कधी संकोच करीत नाही. संगणकाच्या काट्याबद्दलही तसेच विचारावे. वार्षिक सभेत हात वर करून विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.